लघुश्वानाचे भावी आकारमान व विक्रेत्याची सचोटी यांच्या पारखीविषयी

नाशिकच्या गंगापूर रोडच्या दोन्ही अंगांस जेथे एके काळी मळे होते तेथे आता सदनिका झाल्या असून, त्या सदनिकांच्या क्षेत्रफळास व गृहनिर्माण संस्थेच्या अध्यक्षांच्या स्वभावास मानवेल अशा बेताचे कुत्रे बाळगण्याची इच्छा ज्या कुटुंबांत उत्पन्न होते, त्यांच्या उपयोगार्थ प्रस्तुत मार्गदर्शन लिहिले आहे. श्रीदत्तांच्या पायाशी उभी असलेली चार कुत्री पूर्ण वाढीअंती केवढी भरतील याची चौकशी कोणी केल्याचे ऐकिवात नाही. परंतु त्यांस चौथ्या मजल्यावर राहावयाचे नव्हते.

पिल्लू किती वाढेल आणि विकणारा किती खरे बोलतो, हे वरकरणी दोन प्रश्न दिसले तरी वस्तुतः तो एकच प्रश्न आहे, हे आरंभीच ध्यानी घ्यावे. वाढीचा अंदाज ज्या तीन गोष्टींवर बांधावयाचा, म्हणजे पिल्लाचे वय, त्याचे मातापिता व त्याचे खाणे, त्या तिन्हींची हकीकत खरेदीच्या दिवशी केवळ विक्रेत्याच्याच मुखातून मिळते. पिल्लू जबानी देत नाही. देते ती आपले बोट चावून, आणि पुढे दिसून येईल की संपूर्ण व्यवहारात तेवढाच एक निःपक्षपाती पुरावा असतो.

प्रथम जातीचा निर्णय करावा. पांढऱ्याशुभ्र अंगाच्या, झुबकेदार शेपटीच्या ज्या कुत्र्यास आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या ‘पॉमेरियन’ म्हणत आले, आणि १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटात दिलेली चिठ्ठी सांगितल्या माणसाकडे न नेता ज्याने कथानकाचा शेवट गोड केला, ते कुत्रे बहुतांशी इंडियन स्पिट्झ होय. इंग्रजी अमलात इकडे आलेल्या जर्मन स्पिट्झचा हा येथील हवेत मुरलेला वंशज लहान प्रकारात पाच ते सात किलो भरतो व मोठ्या प्रकारात त्याच्या दुपटीसही पोहोचतो. अमेरिकी मानकाचा पॉमेरियन मात्र तीन ते सात पौंडांचा, म्हणजे सुमारे दीड ते सव्वातीन किलोंचा असतो. या दोहोंच्या दरम्यानच्या विस्तीर्ण प्रदेशात ‘कल्चर पॉम’ या नावाचा एक प्राणी वावरतो, ज्याचा उल्लेख कोणत्याही मानकात नाही परंतु प्रत्येक दरपत्रकात असतो. खुद्द पॉमेरियनची वंशकथाही फार जुनी नाही. राणी व्हिक्टोरियाने १८८८ मध्ये फ्लॉरेन्सहून आणलेला मार्को बारा पौंडांचा, म्हणजे साडेपाच किलोंच्या आसपास होता, आणि त्या काळी तेवढाच लहान गणला गेला. तात्पर्य, दोन किलोंच्या प्रत्येक पॉमेरियनच्या मागे पाच किलोंचे, आणि त्याही मागे त्याहून थोर, असे पूर्वज उभे असून त्यांपैकी कोणीही केव्हाही पिल्लाच्या रूपाने भेटीस येऊ शकतो. विज्ञानाने या कामी आपल्यापरीने साहाय्य केले आहे. कुत्र्यांच्या लहानपणामागे आयजीएफ-१ या जनुकाचा मोठा हात असल्याचे २००७ मध्ये सिद्ध झाले, आणि २०२२ मध्ये तोच लहानपणाचा अंश सुमारे ५४,००० वर्षांपूर्वीच्या एका लांडग्यातही सापडला. परंतु सदर लांडगा स्वतः लहान राहिल्याचे दिसत नाही, ही गोष्ट खरेदीदाराने मनाशी बाळगावी.

आता लोकप्रसिद्ध परीक्षांकडे वळू. पंजे मोठे तर कुत्रे मोठे, हा सिद्धान्त शेजाऱ्यांत सर्वमान्य असून मोठ्या जातींच्या बाबतीत त्यास काही आधारही सापडेल. लघुजातींत मात्र पंजा केसांत लपलेला असल्याने त्याचे माप म्हणजे बव्हंशी केसांचे माप होते. चहाच्या पेल्यात बसविलेल्या पिल्लाचे छायाचित्र हा दुसरा पुरावा. त्या छायाचित्रात पिल्लाचे वय नमूद नसते आणि पेल्याचे आकारमान तर कधीच नसते. ‘टीकप’ नावाची जात कोणत्याही मान्यवर केनेल क्लबाच्या दप्तरी दाखल नाही, एवढे सांगून हा विषय सोडणे बरे.

गणिताचा मार्ग अधिक प्रतिष्ठित आहे, आणि म्हणूनच अधिक धोक्याचा. एक पंथ सांगतो की लघुजातीच्या पिल्लाचे आठव्या आठवड्याचे वजन तिप्पट करावे. दुसरा सांगतो की आजच्या वजनास वयाच्या आठवड्यांनी भागून बावन्नाने गुणावे. आठ आठवड्यांचे, बरोबर एक किलो वजनाचे पिल्लू घेतले तर पहिल्या पंथाप्रमाणे ते तीन किलोंचे आणि दुसऱ्याप्रमाणे साडेसहा किलोंचे होईल. म्हणजे दोन उत्तरांमध्ये एका अख्ख्या पॉमेरियनचे अंतर पडते. दुसऱ्या पंथाची चूक अशी की, प्राणी वर्षभर एकाच गतीने वाढतो असे तो गृहीत धरतो. लहान जातीचे कुत्रे तर चौथ्या महिन्याच्या सुमारास आपल्या अंतिम वजनाचा निम्मा पल्ला गाठते आणि दहा-बारा महिन्यांत वाढ संपवून स्वस्थ बसते. म्हणून पहिला पंथच त्यातल्या त्यात ग्राह्य मानावा. तोलण्यासाठी स्वयंपाकघरातील काटा व खोलगट पातेले पुरेसे आहे. सराफ बाजारात ओळख असली तरी तेथील काट्याचा आग्रह धरू नये.

परंतु कोणताही पंथ स्वीकारला तरी सारी इमारत वयाच्या एका आकड्यावर उभी राहते, आणि अप्रामाणिक विक्रेता हात घालतो तो नेमका तेथेच. पिंपळगावच्या द्राक्षबागाईतदारास नुसता मण्याचा आकार सांगितला तर तो पुढचे काही बोलण्याआधी छाटणीची तारीख विचारतो, कारण तारखेवाचून मण्याच्या आकारास काहीच अर्थ नसतो, पिल्लाचेही तसेच. समजा, सातशे ग्रॅमचे पिल्लू पुढ्यात आहे. ते आठ आठवड्यांचे असेल तर तिपटीच्या हिशेबाने दोन किलो शंभर ग्रॅमवर थांबेल, आणि आपण शुद्ध पॉमेरियन घेतल्याच्या आनंदात घरी परताल. परंतु ते पाच आठवड्यांचे असून त्यास आठांचे म्हणून उभे केले असेल, तर त्याच्या लहानपणाचे श्रेय वंशास नसून पंचांगास आहे, आणि येत्या तीन आठवड्यांत ते सारी थकबाकी वसूल करील.

येथे ती चावऱ्या तोंडाची जबानी कामी येते. कुत्र्यास दुधाचे दात अठ्ठावीस: पुढचे बारा, सुळे चार व मागच्या दाढा बारा. पुढचे दात व सुळे साधारणतः तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात वर येतात, दाढांची भरती आठव्या आठवड्याच्या आगेमागे पुरी होते. कायमचे बेचाळीस दात यावयास चौथ्या महिन्याच्या सुमारास प्रारंभ होऊन सातव्यापर्यंत ते काम आटोपते. ज्याचे वय आठ आठवडे सांगितले जाते त्याच्या दाढांच्या जागी नुसती गुलाबी हिरडी लागली तर संशयास जागा आहे. लघुजातींत दात काहीसे उशिरा येतात, आणि विक्रेत्यास हे अपवादवाक्य मुखोद्गत असते; म्हणून अंतिम निकाल पशुवैद्यावर सोपवावा, आणि ‘आधी डॉक्टरांना दाखवतो, मग व्यवहार करू’ एवढे वाक्य उच्चारून समोरच्याच्या मुद्रेचे अवलोकन करावे. या वाक्याने जितका उलगडा होतो तितका पुष्कळदा दातांनीही होत नाही.

मातापित्यांची रुजुवात हे यानंतरचे प्रकरण, आणि ते सर्वांत रसाळ आहे. पित्याचा आग्रह धरू नये. तो बहुधा अन्य गावचा असतो आणि त्याचे छायाचित्र पाहून समाधान मानावे लागते. माता मात्र पिल्लांपाशी असलीच पाहिजे. ‘आई फार्महाऊसवर आहे साहेब’, ‘आईला आत्ताच फिरायला नेलंय’, ‘आई पुण्याची, पिल्लं तेवढी इकडे आणलीत’ ही उत्तरे ऐकताच पादत्राणे शोधावयास लागावे. मुंबई नाक्यावर ट्रॅव्हल्सच्या गाडीतून उतरणाऱ्या खोक्यात पिल्लू घेण्याचे ठरले असेल तर हे परिच्छेद वाचण्याचे कारणच उरत नाही. माता दाखविली गेली तरी पुढची सावधगिरी बाळगावी: नुकती व्यालेली कुत्री केस गळून विरळ, काहीशी ओढलेली व स्तन लोंबलेली दिसते. समोर आणलेली बाई जर नुकतीच न्हाऊन, विंचरून, भरघोस केसांनिशी आली असेल, आणि पिल्ले तिच्याकडे न धावता तीच त्यांच्याकडे परकेपणाने पाहत असेल, तर ती भाड्याची नटी समजावी. खऱ्या मातेस तोलावे, तिची खांद्यापाशी उंची घ्यावी. त्याहून बळकट पुरावा म्हणजे याच जोडीच्या मागच्या वेताची पिल्ले, जी एव्हाना वर्षाची होऊन इंदिरानगरात वा नाशिक रोडला कोणाच्या तरी सोफ्यावर पसरलेली असतील. त्यांचे पत्ते मागावेत व प्रत्यक्ष जाऊन पाहावीत. भविष्य पाहण्याचा एवढा स्वस्त मार्ग पंचवटीतही मिळणार नाही.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्रीविषयक नियमांनुसार प्रजनकाने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे, आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता कामा नये, मादीचे वय अठरा महिने होण्यापूर्वी तिचे प्रजनन करू नये आणि तिच्या आयुष्यात पाचांहून अधिक वेते होऊ नयेत. नोंदणीचा दाखला पाहावयास मागावा; ‘तो सीएकडे आहे’ हे उत्तर पुरेसे बोलके असते. चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाचा दाखला वंशावळ सांगतो, आकाराची हमी देत नाही. लसीच्या कार्डावर कुपीवरून काढून डकवलेली चिठ्ठी, पशुवैद्याची सही व नोंदणी क्रमांक आहे की केवळ एकाच शाईने, एकाच बैठकीत भरलेल्या तारखा आहेत, हे उजेडात धरून पाहावे.

खाण्याबद्दल एक गोष्ट थट्टेवारी न नेता सांगितली पाहिजे. ‘कमी खायला घाला, लहान राहील’ असा सल्ला जो देतो त्याच्याकडून काही घेऊ नये, फुकट मिळाले तरी. उपासमारीने हाडे कच्ची राहतात, पारव्होसारख्या रोगापुढे पिल्लू टिकत नाही, आणि एवढ्याशा जिवाच्या रक्तातील साखर काही तासांच्या उपाशीपणाने धोक्याच्या पातळीस उतरू शकते.

सचोटीची शेवटची खूण अशी की, प्रामाणिक प्रजनक अंदाजाचा आकडा न देता पल्ला देतो, ‘अडीच ते चार, साडेचारही होईल’ असे म्हणतो, आणि न जमल्यास कुत्रे माझ्याकडेच परत आणावे, हे लेखी देण्यास तयार असतो. मुद्रांकाचा आग्रह धरू नये. शंभराचा कागद २०२४ पासून पाचशेचा झाला असल्याने तेवढ्यावरून व्यवहार मोडल्यास त्यावरून सचोटीची परीक्षा होत नाही. असा मनुष्य मग आपलीच उलटतपासणी घेऊ लागतो: दिवसभर घरी कोण असते, संस्थेची हरकत आहे काय, दिवाळीत गावी जाताना कुत्रे कोठे ठेवाल, आणि सहा किलोंचे झाले तर ठेवून घ्याल काय. या शेवटच्या प्रश्नास जागच्या जागी उत्तर देऊ नये. घरच्या मंडळींशी सल्लामसलत करण्यास दोन दिवसांची मुदत मागावी, ती मिळते.