श्रीमान सिमेंट गिलावा साहेब यांस

कोकणातील एका तालुक्याच्या गावी, जुन्या टपाल कार्यालयाच्या जांभ्याच्या भिंतींवर नुकतेच रुजू झालेले श्रीमान सिमेंट गिलावा साहेब यांच्या सेवेशी हे पत्र सविनय सादर करण्यात येत असून, एकाच पावसाळ्यात त्यांनी गाजवलेल्या कर्तबगारीची कोठे तरी नोंद राहावी, एवढाच त्याचा हेतू आहे.

साहेबांपूर्वी त्या जागी चुना होता. भाजलेला चुना विरवून, वाळूसह घाणीत मळून केलेला हा गिलावा हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश कठीण होतो, पण सच्छिद्रच राहतो. आणि जांभा, म्हणजे खाणीतून निघताना मऊ असणारा व हवा लागल्यावर टणक होणारा तो तांबडा, भोकाभोकांचा दगड, ज्याला १८०७ मध्ये फ्रान्सिस बुकानन यांनी विटेच्या लॅटिन नावावरून ‘लॅटराइट’ म्हटले, तो पाणी पिणाराच असल्याने त्याला असाच सोबती लागतो. आषाढात प्यालेले पाणी भिंत दिवाळीनंतरच्या उन्हात चुन्यातून निमूट सोडून देत असे. उंच जोते, खोल पडवी आणि मंगलोरी कौलांची पुढे आलेली पागोळी ही सारी रचना तिला मुळात कमी प्यावे लागावे म्हणूनच होती.

साहेब ताठ स्वभावाचे. त्यांच्या अंगावरच्या केसाएवढ्या भेगांतून पाणी आत शिरते, परंतु परतीची वाट त्यास मिळत नाही. मग आतले क्षार पृष्ठभागाशी येऊन त्यांचे स्फटिक होतात, ज्याला गवंडी ‘लोणा’ म्हणतात, आणि गिलाव्याचा पोपडा चिऱ्याची कातडी घेऊनच खाली येतो. काउंटरमागच्या भिंतीवर बोटाच्या पेराने ठोकल्यास आता ‘टक्’ऐवजी ‘डब्’ असा आवाज येतो, वर दिलेला तेलरंग फोडासारखा फुगला आहे, आणि तिला टेकून ठेवलेले कोरे लिफाफे वापरण्याआधीच आपोआप चिकटून बसले आहेत.

मुंबईच्या चाकरमान्याच्या मनीऑर्डरीची वाट पाहत ज्या पडवीत माणसे बसली, ती ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचांनी बंद झाली, हा अपराध तसा वेगळा. सागवानी वासे खोट्या छताआड गेले, तेही असोच.

तथापि ओल कोठून येते हे आधी पाहायचे असते, ही गोष्ट गावातल्या कोणत्याही म्हाताऱ्या गवंड्याने चहाच्या एका कपात सांगितली असती, विचारले कोणी? दरसूचीत चुन्याची ओळ शोधण्याचे कष्ट नकोत म्हणून एक धडधाकट इमारत नासवायची, आणि वर तिलाच ‘जीर्ण’ म्हणायचे, याला दुरुस्ती म्हणत नाहीत, याला निर्लज्जपणा म्हणतात!

यात साहेबांचा दोष तरी किती? १८२४ मध्ये जोसेफ ॲस्पडिन यांनी ज्याचे पेटंट घेतले, त्या पोर्टलँड सिमेंटच्या घराण्यात जन्मलेल्यास पुलाच्या खांबांत पाण्याशी झुंजत उभे राहणे शोभते, आणि तेथे ते इमानाने राहतातही. येथे काम पाण्याला जाऊ देण्याचे होते. बदलीच्या हुकमावर मात्र साहेबांची संमती कोणी घेतली नव्हती.

सदर पत्र रीतसर भिंतीतल्या जुन्या टपालपेटीत टाकावयाचे होते. परंतु तिचे तोंडही साहेबांच्याच हस्ते लिंपले गेल्यामुळे ते खिडकीवर हातोहात देण्यात येत आहे.