तैनाती देव

हलका धान कापणीला आलेला, गावोगावच्या मंडयांच्या तारखा ठरत असलेल्या आणि दंडारीच्या तालमींचे ढोल रात्री-अपरात्री ऐकू येऊ लागलेले, अशा आश्विनाच्या उत्तरार्धात आमचे एक स्नेही, जे तुमसरकडील एका राइस मिलचे मालक असून धर्मकार्यात सदैव आघाडीवर असतात, तीन पानी निवेदन घेऊन आमच्या दारी अवतीर्ण झाले. फटाक्यांच्या वेष्टनावर श्रीलक्ष्मीचे चित्र छापलेले असते, फटाका उडाल्यावर त्या चित्राच्या चिंध्या रस्त्यात पायदळी येतात, सबब अशा मालाची विक्री भंडारा जिल्ह्यात तात्काळ बंद व्हावी, असा त्या निवेदनाचा मथितार्थ होता. आणि शुद्धलेखनापुरता आमचा हात त्यावरून फिरावा व पुढे कचेरीत सोबतीला आमचा देहही असावा, एवढीच त्यांची माफक अपेक्षा होती.

तक्रार अगदीच निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. जिला संध्याकाळी पाटावर बसवून हळदकुंकू वाहिले, तिच्याच चित्राला तासाभराने अंगणात उदबत्तीने बत्ती द्यावयाची, ह्या व्यवहारात कोठेतरी विसंगती आहे असे एखाद्या भाविकास वाटले, तर त्यात नवल नाही. मात्र शिवकाशीच्या कारखानदाराने देवीला त्या वेष्टनावर अवमानासाठी बसवलेले नाही. तिच्यावाचून माल खपत नाही म्हणून बसवले आहे. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळच्या मळवलीस नेला, तेव्हापासून लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर विराजमान झाल्या. भिंतीवरून त्या दिनदर्शिकेवर, आगपेटीवर, उदबत्तीच्या पुड्यावर आणि अखेर दारूच्या नळकांडीवर गेल्या, आणि ह्या दीर्घ प्रवासात त्यांना कोणत्याही नाक्यावर कोणी अडवले नाही.

असो. आम्ही भंडाऱ्यास एका सरकारी कचेरीत गेलो. कोणत्या ते सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण जिना सर्व कचेऱ्यांचा सारखाच असतो. त्या जिन्याच्या प्रत्येक वळणावर, कोपऱ्यात, पायरीपासून हात-दीड हात उंचीवर, चिनी मातीच्या चौकोनी फरश्यांवर छापलेले देव भिंतीत बसवलेले होते. गणपतीशेजारी साईबाबा, साईबाबांशेजारी मक्केचा काबा, काब्याशेजारी क्रूस. सर्वधर्मसमभावाचे इतके निरपवाद दर्शन संविधानाच्या उद्देशिकेनंतर आम्हांस अन्यत्र घडलेले नाही. बाहेरगावच्या वाचकांसाठी खुलासा करावयास हवा की सुपारी, तंबाखू आणि चुना ही त्रयी प्लास्टिकच्या पन्नीत घोटघोटून जो खर्रा सिद्ध होतो, त्यावर आमच्या ह्या मुलखाचा निम्मा राज्यकारभार चालतो, आणि त्याची लाल पिंक टाकण्यास जिन्याच्या कोपऱ्याइतके प्रशस्त स्थान दुसरे नाही. शिपायाने सांगून पाहिले, दंडाची पाटी लावून पाहिली. दोहोंचाही उपयोग झाला नाही तेव्हा सरकारने देवांची नेमणूक केली. पेशव्यांच्या पदरी इंग्रजांची तैनाती फौज होती, तसे हे तैनाती देव: वेतन नाही, रजा नाही, बदली नाही, आणि कामगिरी एकच, थुंकीची राखण.

देवाला पिकदाणीच्या पहाऱ्यावर उभे केल्याने कोणाच्या भावना दुखावल्याचे निवेदन त्या कचेरीत कधी दाखल झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आमच्या स्नेह्यांनी गणपतीला हात जोडले, साईबाबांना हात जोडले, आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर जेथील एक फरशी केव्हाच निखळून पडली होती, नेमक्या त्या मोकळ्या चौकोनात त्यांनी तोंडातील ऐवज अचूक रिता केला. त्यांचा नेम पाहून आम्ही थक्क झालो. शेजारच्या कोणाही दैवतास शिंतोडा उडाला नाही.

संबंधित बाबू चहाला गेले होते. बाकावर बसल्या-बसल्या स्नेह्यांनी आपल्या पक्षाचे दाखले द्यावयास आरंभ केला, आणि त्यांचा व्यासंग खरोखर दांडगा निघाला. १९९७ साली नाइकी कंपनीच्या बुटांवरील 'एअर' ही ज्वालाकृती अक्षरे अरबीतील 'अल्लाह'सारखी दिसतात म्हणून ३८,००० जोड परत मागवावे लागले. २००५ मध्ये इंग्लंडात बर्गर किंगच्या आइस्क्रीमच्या झाकणावरील वळसा पाहून एका ग्राहकास तोच साक्षात्कार झाला आणि झाकणे मागे घेतली गेली. 'लक्ष्मी बॉम्ब' नावाच्या चित्रपटास २०२० मध्ये प्रदर्शनापूर्वी आपल्या नावातील बॉम्ब निकामी करून घ्यावा लागला. मुंबईत सायबर पोलिसांकडे तक्रार जाताच मिंत्रा कंपनीने २०२१ च्या जानेवारीत आपले बोधचिन्ह बदलले. ते प्रकरण देवाधर्माचे नव्हते, स्त्रीदेहाच्या सूचनेचे होते. परंतु त्या चिन्हात तोवर ज्यांना एका इंग्रजी अक्षरापलीकडे काही दिसले नव्हते, त्यांना त्यानंतर भलत्यावाचून दुसरे काही दिसेनासे झाले. तक्रारीचे सामर्थ्य असे की ती चित्र दाखवत नाही, डोळा पुरवते.

आम्ही हळूच कायद्याची गोष्ट काढली. १९२७ साली दंडसंहितेत आलेले कलम २९५-अ, जे आता भारतीय न्याय संहितेत २९९ ह्या क्रमांकाने नांदते, ते बुद्धिपुरस्सर व दुष्ट हेतूने केलेल्या अवमानासाठी आहे. एका मासिकाने मुखपृष्ठावर क्रिकेटपटू धोनीला विष्णुरूपात, हातात बुटासह नाना वस्तू देऊन रंगवले, तेव्हाही सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हेतूचा अभाव पाहून खटला रद्द केला. शिवकाशीच्या छपाईयंत्राचा हेतू सिद्ध कसा करणार, असे आम्ही विचारले. स्नेह्यांनी आमच्याकडे करुणेने पाहिले. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीच्या सोंडेशी चमचा धरून त्यांनी स्वहस्ते पावशेर दूध पाजले होते. ज्या दृष्टीने तेव्हा दगड प्यालेला पाहिला, तिला यंत्राचा हेतू दिसणे ही काय मोठीशी बाब?

मग ते विडीकडे वळले. पुण्याच्या साबळे वाघिरे आणि कंपनीची 'संभाजी बिडी' दशकानुदशके खपत होती. २०२० मध्ये आंदोलन झाले, आणि २०२१ पासून तीच विडी 'साबळे बिडी' ह्या नावाने विकली जाऊ लागली. महाराजांचे नाव धुरातून मोकळे झाले हे उचितच झाले, आणि आम्ही तसे मोकळ्या मनाने कबूल केले. पण आम्ही पडलो तेंदूच्या मुलखातले. वैशाखात पहाटे रानात शिरून बायाबापड्या पाने तोडतात, दुपारी मांडवात बसून त्यांचे पुडे बांधतात. मग कोठेतरी एखाद्या ओसरीवर एखादी बाई मांडीवर सूप घेऊन, फर्म्याच्या मापाने पान कापून, चिमूटभर तंबाखू घालून, हजार विड्यांच्या हिशेबाने मान मोडेस्तोवर वळत राहते, आणि ठेकेदार त्यांतील मूठभर 'छाट' म्हणून बाजूला सारतो तो तिच्याच मजुरीतून. पुड्यावर कोणाचे नाव छापावे ह्याचा बारकाईने विचार झाला. तिच्या खोकल्याची नोंद मात्र कोणत्या आवक-बारनिशीत होते, हे आम्हांस शोधूनही सापडलेले नाही.

हे आम्ही बोललो नाही. बोललो ते एवढेच की शेठजी, आपल्या मिलच्या तांदळाच्या कट्ट्यावर अन्नपूर्णामाता छापलेली असते, आणि रिकामा झालेला तो कट्टा आमच्याच घरी न्हाणीच्या दारात पायपुसणे म्हणून गेली दोन वर्षे सेवा बजावतो आहे. (हे कबूल करताना आम्हांस लाज वाटली, तरी घरी परतल्यावर कट्टा आम्ही हलवला नाही, फरशी निसरडी आहे. तशी ह्या वृत्तपत्राचीही कथा वेगळी नाही: चतुर्थीच्या अंकावर गणपती, आणि पंचमीला त्याच पानात आलुबोंडा.) स्नेही क्षणभरही अडखळले नाहीत. "थे श्रद्धा हाये जी, गुरुजी," ते म्हणाले, "अन् फटाका म्हंजे धंदा."

एवढ्यात बाबू आले. त्यांनी निवेदन उलटसुलट पाहिले, पाने मोजली आणि विचारले, "मुद्देमाल जोडला का जी?" स्नेह्यांनी पिशवीतून फटाक्याचे वेष्टन काढले. कमळावर बसलेली, चार हातांची, लालजर्द पदराची लक्ष्मी. तिला त्यांनी आधी कपाळाशी लावले, मग अर्जाच्या पहिल्या पानावर ठेवले. बाबूंनी टाचणयंत्र घेऊन तिच्या दोन्ही बाजूंना एकेक टाचणी ठोकली, शिक्का शाईच्या गादीवर दाबला, आणि जागा पाहण्याच्या भानगडीत न पडता सरकारी जोमाने खाली आणला. 'आवक' हा शब्द आणि त्याखालची तारीख जांभळ्या शाईत देवीच्या बरोबर मुखावर उमटली.

शिक्का ठसठशीत उठला म्हणून स्नेह्यांना फार समाधान वाटले. पोच त्यांनी नीट चौघडी केली, विजारीच्या मागल्या खिशात घातली, आणि मोटारसायकलवर तिच्यावर बसून ते तुमसरच्या रस्त्याला लागले.