दहा गोळ्यांना एक इमू

ऑस्ट्रेलियाच्या राजचिन्हावर ढालीच्या एका बाजूला कांगारू उभा आहे, दुसऱ्या बाजूला इमू. दोघांनाही मागे सरकणं जमत नाही, म्हणून त्यांची तिथे नेमणूक झाली, असं सांगतात. १९३२ साली त्या देशाच्या सैन्याने यातल्या दुसऱ्या मानकऱ्यावर मशीनगन रोखली. मागे सरकण्याची पाळी सैन्यावर आली.

सुरुवात गव्हापासून झाली. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना सरकारने पश्चिम ऑस्ट्रेलियात जमिनी दिल्या. बऱ्याच जमिनी हलक्या होत्या. १९२९ची मंदी आली तसं सरकार म्हणालं, आणखी गहू पेरा, अनुदान देतो. त्यांनी पेरला. भाव पडले आणि अनुदान काही आलं नाही. (इथवरची गोष्ट विदर्भात सांगितली तर ऐकणारा विचारेल, यात ऑस्ट्रेलिया कुठे आला?)

तो आला इमूंच्या पावलांनी. विणीचा हंगाम आटोपला की हे माणसाएवढे उंच पक्षी आतल्या कोरड्या मुलखातून किनाऱ्याकडे निघतात. वाटेत आता उभा गहू होता आणि जनावरांसाठी साठवलेलं पाणीही. कॅम्पियन भागात वीसेक हजार इमू उतरले. त्यांनी पीक खाल्लं, तुडवलं आणि सशांना अडवायला घातलेल्या कुंपणाला भगदाडं पाडली. मागोमाग ससेही पंगतीला आले.

शेतकऱ्यांचं शिष्टमंडळ थेट संरक्षणमंत्र्यांकडे गेलं. माजी सैनिकच ते, मशीनगन काय करते हे त्यांनी खंदकात पाहिलं होतं. मंत्री सर जॉर्ज पीअर्स तयार झाले. जवानांचा नेमबाजीचा सरावही होईल, हा त्यांचा हिशेब. अटी साध्या होत्या. बंदूक सैन्यच चालवेल, वाहतुकीचा खर्च राज्य सरकारचा, आणि जवानांचं राहणं-जेवण व गोळ्यांचे पैसे शेतकऱ्यांकडे. गव्हाला भाव मागणाऱ्याकडे बंदूक पाठवायची आणि गोळ्यांचं बिलही त्याच्याच नावे फाडायचं, याला म्हणतात प्रशासन.

फौज म्हणजे मेजर मेरेडिथ, दोन जवान, दोन लुईस मशीनगन आणि दहा हजार गोळ्या. शिवाय बातमीपटाचा एक कॅमेरामन, कारण चित्रीकरणाशिवाय मोहीम कसली! घोडदळाच्या टोप्यांत पिसं खोचायची म्हणून शंभर इमूंची कातडी आणायचा हुकूमही होता. शिकारीआधीच कातडी वाटून झाली होती.

२ नोव्हेंबरला पन्नासेक इमू दिसले, पण टप्प्याबाहेर. गावकऱ्यांनी हाकारा घातला, तशी त्यांची टोळकी फुटून वाट फुटेल तिकडे पळाली. दोन दिवसांनी मेजरने एका बंधाऱ्याजवळ दबा धरला. समोरून हजारावर इमू येत होते. त्यांना अगदी जवळ येऊ दिलं, बंदूक धडधडली, डझनभर पडले आणि बंदूक अडकली. उरलेले पसार. मग बंदूक ट्रकवर चढवली. ट्रक इतका उसळत होता की नेमबाजाला एक गोळी झाडता आली नाही, आणि इमू पुढेच. जवानांच्या असंही ध्यानात आलं की प्रत्येक कळपाला काळ्या पिसांचा एक उंच म्होरक्या असतो. बाकीचे चरतात तेव्हा तो पहारा देतो. त्या रानात शिस्तीची फौज एकच होती म्हणायची.

८ नोव्हेंबरला संसदेत विषय निघाला आणि सैन्य परत बोलावलं गेलं. आपल्या बाजूला जीवितहानी नाही, अशी नोंद मेजरच्या अहवालात आहे. इमूंकडे बंदुका नव्हत्या, ही नोंद राहून गेली. शेतकऱ्यांची पुन्हा ओरड झाली, पुन्हा मोहीम निघाली आणि डिसेंबरात मिटली.

शेवटचा हिशेब मात्र फ्रेम करून लावावा असा आहे. इमू ठार ९८६, गोळ्या खर्च ९,८६०. भागून पाहा. इमूमागे बरोब्बर दहा. ना साडेनऊ, ना सव्वादहा. रोजगार हमीच्या मस्टरवरदेखील इतकी सफाई सापडायची नाही, तिथे निदान एखादं नाव खोडलेलं असतं. शिवाय जखमी होऊन नंतर मेलेले इमू २,५००, तेही गोल आकड्यात! त्यांच्या मयताला मोजदाद करायला कोण गेलं होतं, देव जाणे. या मोहिमेसाठी पदक काढणार का, असा प्रश्न निघाला तेव्हा संसदेचे एक सभासद म्हणाले की द्यायचंच तर इमूंना द्या.

आपल्याकडे इमूने एवढीही दगदग केली नाही. पंधराएक वर्षांपूर्वी महाराष्ट्रात इमूपालनाची लाट आली. तेल, मांस, अंडी, पिसं, साऱ्याला म्हणे सोन्याचा भाव. लोकांनी कर्ज काढून जोड्या आणल्या, गिऱ्हाईक फिरकलं नाही. पक्षी खुराड्यात, खाद्य उधारीत आणि हप्ते बँकेत.

ऑस्ट्रेलियाने पुढे इमूमागे बक्षीस लावलं. १९३४ साली सहा महिन्यांत अशी ५७,०३४ बक्षिसं वाटली गेली आणि या कामाला मेजर लागला नाही. तरी १९३४, १९४३ आणि १९४८ साली शेतकऱ्यांनी पुन्हा सैन्य मागितलं. सरकारने तिन्ही वेळा नाही म्हटलं. इमू मात्र अर्ज-विनंती न करता येत राहिले.