मधल्या डब्यास अनावृत पत्र

प्रति,
श्री. मधला डबा,
मुक्काम : जीपच्या पुढच्या दोन सीटांच्या मध्ये (घाट लागेपर्यंत)

विषय : आपण एका जागी बसण्याबाबत.

महोदय,

मी आपला डावीकडचा शेजारी. जीप आमच्या मित्राची, स्टिअरिंग त्याच्या हातात, डिझेल निम्मं माझं आणि गुडघा संपूर्ण माझा. या शेवटच्या मालमत्तेवर आपण वरचेवर हक्क सांगू लागल्यामुळे हा पत्रप्रपंच. खासगीत बोललो असतो, पण आपल्याला एका जागी गाठणं अवघड. ताम्हिणी घाट चढताना आपण मागच्या मंडळींच्या पायाशी असता, उजव्या वळणावर माझ्या गुडघ्याशी आणि उतारावर थेट क्लचच्या पेडलशेजारी. लो गिअरमध्ये उतरताना क्लच दाबायचा नसतो, हा ऑफरोडिंगचा पहिला धडा आपल्याला कुणी शिकवलेला दिसत नाही.

आपल्या थोरवीबद्दल मला शंका नाही. पाण्याची बाटली, गॉगल, टॉर्च, टायरची हवा मोजायचं गेज, दोन डी-शॅकल, पान्यांचा संच आणि कुणीतरी कधीतरी ठेवलेली भडंगाची पुडी, हे सगळं आपण विनातक्रार पोटात घेता. घराणंही मोठं. लँड रोव्हर डिफेंडरमध्ये पुढच्या मधल्या सीटच्या जागी आपलेच एक थोर चुलते विराजमान असतात. आमच्याकडे 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू झाली. लष्करी बांध्याच्या त्या गाडीत दोन सीटांच्या मध्ये काय, तर गिअरबॉक्सचा उंचवटा आणि त्यातून वर आलेले दांडे. ती उणीव पुढे आपण भरून काढलीत. चुलत्यांत आणि आपल्यात फरक एवढाच, की ते गाडीला बोल्टने जखडलेले असतात आणि आपण स्वेच्छेने प्रवास करता.

आपली प्रतिष्ठापना मी डोळ्यांनी पाहिली आहे. ॲक्सेसरीवाल्याने आपल्या बुडाला डबल टेपच्या चार पट्ट्या लावल्या, वरून तळहाताने थोपटलं आणि म्हणाला, “आता बापजन्मात हलणार नाही.” टेप चांगल्या कंपनीची होती, तिला दोष नाही. स्वच्छ, कोरड्या, सपाट पृष्ठभागावर अशी टेप भलती घट्ट धरते. फक्त कडेपासून उचकटायला लागलं की ती धीर सोडते, उन्हात मऊ पडते आणि धूळ किंवा तेलकटपणा असला की मुळात धरतच नाही. आपल्याला बसवलं ते तर रबरी मॅटवर. म्हणजे टेपने डबा मॅटला धरला आणि मॅटने कुणालाच धरलं नाही. पहिल्याच चढावर आपण मॅटसकट प्रस्थान ठेवलंत.

मग झिप टाय आले. काळे, शिस्तीत ओढलेले, टोकं कापलेले, फोटोत छान दिसणारे. उन्हाने प्लॅस्टिक कडक झालं, पत्र्याच्या धारेवर घासलं आणि एका खड्ड्यात तटातट तुटलं. त्यानंतर सेल्फ स्क्रू. यात निदान लोखंडाला लोखंड भिडलं, म्हणून मला आशा वाटली. पण जीपच्या तळाचा पत्रा साधारण एक मिलिमीटर जाडीचा आणि अशा स्क्रूच्या दोन आट्यांमधलं अंतर त्याहून जास्त. धड एक आटासुद्धा पत्र्यात बसत नाही. कच्च्या रस्त्याची थरथर त्या भोकाला रोज थोडं मोठं करत राहते आणि एक दिवस स्क्रू बोटाने निघतो. आपण ते चारही स्क्रू पोटातच जपून ठेवलेत, याचं मात्र कौतुक.

यावर मालकांचं म्हणणं असं, की डबा भरला की तो स्वतःच्या वजनानेच बसतो. दगडी जातं घरात हलत नाही, तसा. जातं ताम्हिणी उतरत नाही, हे त्यांच्या लक्षात आलेलं नाही. आता जरा हिशेब पाहू. भरलेले आपण 10 किलोचे धरू. जीप एका बाजूला 30 अंश कलली, की निम्मं वजन, म्हणजे 5 किलो, त्या बाजूला सतत रेटत राहतं; वर दगडांवरचे हादरे वेगळे. जोरात ब्रेक लावला तर हा रेटा 7-8 किलोंवर जातो. आणि ताशी 50 किलोमीटर वेगातली जीप कशावर तरी आदळून 60 सेंटिमीटरमध्ये थांबली, तर आपल्याला जागेवर राखायला सुमारे 160 किलो पेलण्याइतका जोर लागतो. चार पट्ट्या टेपकडून ही अपेक्षा करणं म्हणजे टेपचा छळ आहे. सुटे असलात, तर जीप थांबली तरी आपण त्याच वेगाने पुढे जाल. जवळजवळ 10 मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडणाऱ्या डब्याला जमिनीजवळ एवढा वेग येतो. आपल्या वाटेत पहिलं कोण येईल, हे सांगायची गरज नाही. जीप कलंडली, तर आपण डोक्यावर याल. तिथे मीही असेन.

म्हणून, अत्यंत जड अंतःकरणाने, आपलं संचारस्वातंत्र्य संपवण्याचा प्रस्ताव मांडत आहे. पद्धत अशी.

आधी आपल्याला रिकामं करून जागेवर ठेवलं जाईल आणि सगळे दांडे सगळीकडे फिरवून पाहिले जातील. मुख्य गिअर, फोर बाय फोरचा दांडा लोपर्यंत, हँडब्रेक पूर्ण ओढून. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर बसलेले असतात. जोर लागला की ते डुलतात आणि त्यांच्याबरोबर दांडेही. म्हणून उभ्या गाडीत दांडा आपल्याला लागत नाही एवढ्यावर समाधान मानायचं नाही. चारी बाजूंनी दोन-दोन बोटं मोकळी हवीत. ऐन चढणीवर लो गिअर आपल्या अंगावर अडकला, तर तो दोष आपल्याच माथी येईल.

दुसरं, भोक पाडण्याआधी माणूस गाडीखाली जाईल. तिथे वायरिंग असतं, ब्रेकचा पाइप असतो, डिझेलचा पाइप असतो. वरून ड्रिल चालवणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. गिअरबॉक्सवरच्या ज्या झाकणाचा पत्रा दुरुस्तीसाठी निघतो, त्यावरही आपली स्थापना होणार नाही. नाहीतर गिअरबॉक्सच्या प्रत्येक कामाला आधी आपलं विसर्जन करावं लागेल आणि मेकॅनिक जे बोलेल ते या पत्रात लिहिता येणार नाही.

तिसरं, आपल्या खाली 25 मिलिमीटरच्या अँगलची चौकट येईल. तिचे चार पाय, प्रत्येकात 8 मिलिमीटरचा बोल्ट, पत्र्यातून आरपार. खालच्या बाजूला नुसता वायसर नाही, तर तळहाताएवढी, 3 मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी, म्हणजे ओढ एका भोकावर न येता पसरेल आणि पत्रा फाटणार नाही. वर नायलॉक नट. आतल्या नायलॉनच्या कड्यामुळे तो थरथरीने सैल होत नाही. भोकाच्या कडांना रेड ऑक्साइड, मध्ये रबराचं पॅकिंग, वरून सिलिकॉन. सह्याद्रीत चार महिने पाऊस खालून-वरून येतो आणि उघड्या पत्र्याला गंज चढायला एक पावसाळा पुरतो. हा सगळा माल पुण्यात बोहरी आळीत एका फेरीत मिळतो. सीटबेल्टच्या बोल्टला मात्र कुणी हात लावायचा नाही. तो माणसाला धरायला आहे, डब्याला नव्हे.

चौथं, झाकणाला कडी. डबा पक्का आणि झाकण उघडं, असं झालं तर डबा जागेवर राहील आणि पाने हवेत. तशीही जड हत्यारं आपल्या पोटातून निघून मागे, खाली, पट्ट्याने बांधलेली जातील. आपल्याकडे बाटली, गॉगल आणि भडंग राहील. पदावनती वाटेल, पण वयही बघा.

मालकांबद्दल आपल्या मनात किल्मिष नसावं. माणूस सढळ हाताचा आहे. पुढे साडेनऊ हजार पौंड ओढणारी विंच आहे, वर दिव्यांची माळ आहे, मागच्या काचेवर डोंगराचं स्टिकर आहे. चिखलात रुतलेली दुसऱ्याची गाडी ओढून काढायची तयारी पूर्ण आहे; स्वतःच्या गाडीतला 10 किलोंचा डबा धरून ठेवायची राहिली, इतकंच. चार बोल्ट दिसत नाहीत, त्यांचा फोटो निघत नाही, त्यामुळे ते यादीत शेवटी येतात. दिव्यांच्या एका जोडीच्या पैशात हे सगळं काम उरकून वर मिसळ होईल.

तरी आपण सहकार्य करावं, ही विनंती.

आपला,
डावीकडच्या सीटवरचा

प्रत : जीपमालक, तातडीच्या कार्यवाहीसाठी. काम झाल्यावर डबा दोन्ही हातांनी धरून जोरात हलवून पाहावा. जीप डुलली तर काम पक्कं. डबा डुलला तर पुढच्या घाटात त्याच्या शेजारी आपण बसावं. गाडी मी चालवेन.