बाप्तिस्मा मिळेल, अटी लागू

साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनहून पुण्य आणि पर्यटन एकाच दिवसात उरकता येतं. सकाळी गूस क्रीकचं सेंट जेम्स चर्च, १७१९ साली बांधून झालेलं. वेदीच्या वर चक्क ब्रिटनच्या राजाचं राजचिन्ह! देवाच्या डोक्यावरही साहेब असतो, हे इथे बसल्या बसल्या कळतं.

इमारत पूर्ण होण्याआधी इथले पाद्री होते फ्रान्सिस ल जॉ. माणूस दयाळू. गुलामांना होणाऱ्या क्रूर शिक्षांबद्दल त्यांनी लंडनला पत्रंही धाडली. पण बाप्तिस्म्याआधी ते गुलामांकडून वदवून घेत की, आपण हे सुटकेच्या आशेने मागत नाही आणि जिवंत असेपर्यंत मालकाची ताबेदारी करू. म्हणजे आत्मा स्वर्गात, अंग शेतात. हिशेब चोख.

दुपारी मिडलटन प्लेस हा जुना मळा. तांदळाच्या पैशावर १७४१पासून फुललेली बाग, फुलपाखराच्या आकाराची तळी. घराण्यातल्या आर्थर मिडलटन यांनी १७७६ साली, सर्व माणसं समान असल्याच्या जाहीरनाम्यावर सही केली. ही तळी ज्या गुलामांनी खणली, त्यांना सहीसाठी बोलावणं नव्हतं. ती बहुधा खणण्याच्या कामात असावीत, समान माणसं.

अशा जुन्या मळ्यांच्या हिरवळीवर आता लग्नं लागतात. फोटो झकास येतात. आजन्म बांधून घेण्याची शपथ या भागात पूर्वीही होत असे. फरक इतकाच, की हल्ली ती घेणाऱ्यांना आधी विचारतात.