सन्माननीय २४ एक्स यांस अनावृत पत्र

मा. २४ एक्स साहेब,
मुक्काम : डीव्हीडी रायटरच्या खोक्याची दर्शनी बाजू.



नंदुरबार, शहादा, तळोदा, कुठल्याही गावच्या कॉम्प्युटरच्या दुकानात आपला मान मोठा. गिऱ्हाइकाने घरच्या कॉम्प्युटरसाठी रायटर मागितला की दुकानदार खोके पुढे सरकवतो आणि त्यावर सगळ्यात ठळक अक्षरांत आपण विराजमान असता. लेझर, मोटर, फर्मवेअर ही मंडळी आतल्या आत राबतात, मिरवता मात्र आपण. लग्नाचे शूटिंग, अहिराणी गाणी, जुन्या कॅसेटवरून उतरवलेले आजीचे आवाज, असा ऐवज लोक आपल्या भरवशावर तबकडीत ठेवणार. तेव्हा स्वस्त आणि खात्रीचा रायटर घेताना आपल्याला किती भाव द्यायचा, हा हिशेब आपल्या तोंडावरच मांडलेला बरा.

डीव्हीडीचा १ एक्स वेग म्हणजे सेकंदाला सुमारे १.३८५ मेगाबाइट. ४.७ जीबीची साधी तबकडी पूर्ण भरायला ४ एक्सने चौदा-पंधरा मिनिटे लागतात, ८ एक्सने आठच्या आसपास, १६ एक्सने पाच-सहा. आणि आपल्या कृपेने? त्याहून मिनिटभर कमी. कारण साहेब, आपण सुरुवातीपासून हजर नसताच. तबकडी एकाच गतीने गरगरत असते. आतल्या वेढ्यात लेझरखालून कमी लांबी सरकते, बाहेरच्या वेढ्यात जास्त. म्हणून लिहिणे दहाएक एक्सने सुरू होते आणि आपले दर्शन घडते ते अगदी काठाशी. पंगत उठत आली की विडा घ्यायला येणाऱ्या पाहुण्यासारखे. त्यातही दुकानात मिळणाऱ्या बहुतेक तबकड्यांवर १६ एक्सच छापलेले असते, म्हणजे त्यांच्या दृष्टीने आपण बिनबोलावलेलेच.

खात्री कुठे ठरते, ते आता ऐका. रायटरचा लाल लेझर तबकडीतल्या रंगद्रव्याच्या थरावर सूक्ष्म खुणा जाळतो. त्याआधी तो तबकडीच्या आतल्या कडेला, राखून ठेवलेल्या जागेत, कमी-जास्त जोर लावून चार खुणा करून पाहतो आणि त्यावरून आच किती ठेवायची ते ठरवतो. तबकडी कोणत्या कारखान्याची आहे, हे तिच्यावरच्या संकेतावरून तो वाचतो. तो कारखाना रायटरच्या आतल्या प्रोग्रॅमच्या, म्हणजे फर्मवेअरच्या, यादीत असला तर त्याला नेमून दिलेली पद्धत वापरतो, नसला तर अंदाजपंचे. म्हणजे खराब तबकडीपुढे महागडा रायटरही हतबल, आणि साध्या रायटरला चांगली तबकडी दिली की काम फत्ते. आपल्याकडे ओळखीचे नाव म्हणजे मोजर बेअर. ती कंपनी २०१८ मध्ये अवसायनात गेली. तेव्हा त्या नावाचे बंडल कोणी आज पुढे केले, तर ते किती उन्हाळे गोदामात पडून होते, हे आधी विचारावे. नंदुरबारचा मे महिना चाळिशीच्या वर असतो आणि असल्या रंगद्रव्याला ऊन आणि उष्णता दोन्ही मानवत नाहीत.

कोणी म्हणेल, रायटर हवाच कशाला, पेनड्राइव्ह आहे, क्लाउड आहे. देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले, म्हणजे डिजिटल जमाना इथे आधीच पोचला, हे खरे. पण धडगाव-मोलगीकडच्या कित्येक पाड्यांवर आजही रेंजसाठी टेकडी चढावी लागते, तिथे चार जीबीचा व्हिडिओ ढगात कोण चढवणार? पेनड्राइव्ह स्वस्त आणि सोयीचा आहे, वादच नाही. पण तो दहा हातांतून फिरतो, कोणी पुसतो, कोणी त्यात व्हायरस सोडतो. एकदा लिहून बंद केलेल्या डीव्हीडी-आरवर दुसऱ्याला हात फिरवता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही ऑप्टिकल माध्यमाला जागा ठेवलेली आहे. (माहिती अधिकाराच्या कायद्यात तर फ्लॉपी आणि व्हिडिओ कॅसेटसुद्धा अजून नांदत आहेत.) तबकडी अमर आहे, असे मात्र कोणी समजू नये. दुसरी प्रत हार्ड डिस्कवर ठेवावीच.

दुसरा आक्षेप बाहेरून जोडायच्या चपट्या रायटरचा. लॅपटॉपवाल्याला इलाज नाही, त्याने तो घ्यावा. पण घरी डेस्कटॉप असेल तर आत बसणारा साटा रायटरच बरा. यूएसबी २.० च्या एका पोर्टमधून नियमाने ५०० मिलिअँपिअरच मिळतात, आणि जुन्या कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला तेवढेही झेपेल याची हमी नाही. लेझर जोर लावतो नेमकी तेव्हाच वीज अपुरी पडू शकते. आतल्या रायटरला एसएमपीएसमधून ५ आणि १२ व्होल्ट थेट मिळतात, आणि किंमतही सहसा कमी. कंपनीच्या नावावर फार घासाघीस करू नये. सोनीने हा धंदा केव्हाच आवरला, आणि एलजीच्या रायटरमागे हिताची-एलजीची संयुक्त कंपनी आहे. दुकानदाराला विचारायचे ते एवढेच : बिघडला तर वॉरंटीसाठी धुळ्याला जायचे की सुरतेला? कॉम्प्युटर जुना असेल तर केबल आयडीई आहे की साटा, तेही झाकण उघडून पाहून घ्यावे. वाचलेले पैसे चांगल्या तबकड्यांत आणि यूपीएसमध्ये घालावेत. लिहिताना बफर कोरडा पडला तर सांभाळून घेण्याची सोय रायटरमध्ये असते. लाइट गेली तर मात्र तबकडी वायाच.

आणि लिहायचे ८ एक्सने, लिहून झाल्यावर पडताळणीच्या चौकटीत टिचकी मारून. त्यात आणखी काही मिनिटे जातील. तेवढ्या वेळात आपण खोक्यावर खुशाल मिरवावे, आमची हरकत नाही.

कळावे, लोभ नसला तरी चालेल.

आपला,
नंदुरबार जिल्ह्यातला एक सावकाश ग्राहक