पॅच-नामकरण विधी

स्रोतसंहितेतील, म्हणजे प्रोग्रामच्या मूळ मजकुरातील, कोणत्या ओळी उणे चिन्हाने काढायच्या आणि कोणत्या अधिक चिन्हाने घालायच्या, याची याद ज्या फाइलीत असते तिला पॅच म्हणतात. लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये लिहिलेला ‘पॅच’ हा प्रोग्राम ती याद वाचून मूळ फाइलीत बदल करतो. मात्र तिसऱ्या पॅचला हव्या असलेल्या ओळी दुसऱ्याने आधी घातलेल्या नसतील, तर हा प्रोग्राम तो भाग नाकारून वेगळ्या फाइलीत टाकतो. म्हणून पॅचच्या नावात क्रम असावा, हे शास्त्र. आणि फोल्डरात ‘फायनल’, ‘फायनल-२’, ‘खरंच-फायनल’ व ‘हाच घ्या’ ही भावंडे नांदावीत, हा लोकाचार.

अशा कुटुंबाचे सामुदायिक बारसे करण्यासाठी शेल-स्क्रिप्ट लिहावी, म्हणजे एरवी एकेक करून टंकायच्या आज्ञा एका फाइलीत ओळीने उतरवून त्या शेलकडे, आज्ञा वाचून पाळणाऱ्या प्रोग्रामकडे, सोपवाव्यात. हाताने केल्यास बारा फाइलींचे काम पाच मिनिटांत उरकते, म्हणून स्क्रिप्टसाठी एक दुपार राखून ठेवावी.

क्रमांकाआधी शून्ये द्यावीत, कारण शेल नावे अक्षराअक्षराने लावतो आणि ‘१०’ ला ‘२’ च्या आधी बसवतो. शून्यांचे दुसरे फळ पुढे मिळते: बॅश हा शेल शून्याने सुरू होणारी संख्या अष्टमान, म्हणजे आठ पायाची, समजतो, त्यामुळे जुन्या नावातला क्रमांक उचलून त्यात एक मिळवणारी स्क्रिप्ट सातपर्यंत सुरळीत चालते, ०८ पाशी अडते, आणि ०१० ला मुकाट्याने आठ मानून पुढे जाते. (अडणारी परवडली.)

नाव बदलणारी ‘एमव्ही’ ही आज्ञा तर मितभाषीच आहे. लूपमध्ये, म्हणजे त्याच आज्ञा प्रत्येक फाइलीवर फिरवणाऱ्या आवर्तनात, क्रमांक वाढवायचा राहिला, तर ती चाळीस पॅचना पाठोपाठ एकच नाव देते, प्रत्येक नवा आधीच्याला पुसतो, आणि शेवटी उरलेल्या एकुलत्या एका फाइलीमुळे फोल्डर कमालीचे नीटनेटके दिसते. हा मोक्ष नको असल्यास ‘-एन’ हा पर्याय जोडावा, नावे अवतरणचिन्हांत ठेवावीत (नाहीतर ‘हाच घ्या’ मध्ये शेलला ‘हाच’ आणि ‘घ्या’ अशा दोन फाइली दिसतात), आणि ‘एमव्ही’ च्या आधी ‘इको’ लिहून रंगीत तालीम करावी, कारण ‘इको’ पुढची आज्ञा पाळत नाही, फक्त म्हणून दाखवते.

स्रोतसंहितेतील बदलांची नोंद ठेवणाऱ्या, २००५ पासूनच्या गिट या प्रणालीतील ‘फॉरमॅट-पॅच’ ही आज्ञा प्रत्येक पॅचला चार अंकी क्रमांक आणि बदलाच्या शीर्षकावरून नाव आपणहून देते. ही माहिती मार्गदर्शनाच्या आरंभी देण्याचा प्रघात नाही.